हिरडीलगतच्या फटी

दातांविषयी आपल्या समाजात एक समजूत फार दृढ होऊन बसलेली आहे. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की दातांमध्ये फटी पडतात, दात हलू लागतात, आणि एकदा का त्या वाटेला गेले की दातांची खैर नाही, असे चांगल्या सुशिक्षित घरांतूनही ऐकावयास मिळते. ही समजूत निव्वळ कल्पनेतून जन्मलेली नाही. सफाई झाल्यावर चार-आठ दिवसांनी आरशात पाहावे, तो पटाशीच्या दातांमध्ये, हिरडीच्या अगदी कडेला, पूर्वी कधी न दिसलेली एक लहानशी काळी त्रिकोणी पोकळी दिसते. गार पाणी तेथे झोंबते, भाताचे शीत तेथे अडकते, आणि हसताना त्या जागेवर ओठ ओढून घेण्याची सवय नकळत जडते. काल नव्हते ते आज आहे, आणि मधल्या काळात घडली ती एकच गोष्ट. तेव्हा दोष कोणाचा, हे त्या माणसाला उघडच वाटते. मग तो पुन्हा दंतवैद्याची पायरी चढत नाही, आणि काही वर्षांनी खरोखरच दात गमावून बसतो. डोळ्यांनी पाहिलेले खरे, पण त्यावरून काढलेले अनुमान चुकीचे, असा हा प्रकार आहे. आणि या चुकीची किंमत बरीच मोठी आहे.

ही समजूत एका प्रांताची नाही. चेन्नईच्या दक्षिण अंगाला वेलचेरी नावाचे उपनगर आहे. तलावाकाठचे आणि दंडीश्वराच्या प्राचीन देवळाचे हे गाव. शहर वाढत गेले, २००७ साली लोकल रेल्वे येथपर्यंत आली, जवळच तरमणीच्या बाजूला संगणक-उद्योगाच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून नोकरीसाठी आलेली माणसे येथे वस्ती करून राहिली. त्यांत मराठी माणसेही आहेत. या भागातील रस्त्यांवरून जाताना दंतवैद्यांच्या पाट्या नजरेत भरतात. तांबरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पळ्ळिकरणै येथे तर एक संपूर्ण दंत महाविद्यालयच आहे. नव्याने आलेल्या मराठी माणसाला दातांचे दुखणे घेऊन तेथे जाण्याचा प्रसंग आला, तर त्याला तीन तमिळ शब्द उपयोगी पडतात: ‘पल्’ म्हणजे दात, ‘ईरु’ म्हणजे हिरडी आणि ‘एलुम्बु’ म्हणजे हाड. फटीची तक्रार घेऊन आलेला मनुष्य, मग तो वेलचेरीचा असो की वाईचा, पहिल्या शब्दापाशीच थांबतो. दातात फट पडली, असे तो म्हणतो. वास्तविक दात आहे तेथेच असतो. बदल झालेला असतो तो हिरडीत, आणि त्याहूनही अधिक तिच्या आतील हाडात. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म या तीन शब्दांच्या क्रमात साठवलेले आहे.

प्रथम निरोगी तोंडाची रचना पाहू. शेजारचे दोन दात एकमेकांना सर्व उंचीभर चिकटलेले नसतात. चावण्याच्या कडेपासून थोडे आत गेले की एका ठिकाणी ते परस्परांस टेकतात. हा त्यांचा स्पर्शबिंदू होय. त्याच्या पुढे मुळाकडे जाताना दोन्ही दात निमुळते होत जातात, त्यामुळे स्पर्शबिंदू हे टोक आणि हाड हा पाया असलेली एक त्रिकोणी जागा मध्ये शिल्लक राहते. निसर्गाने ही जागा मोकळी ठेवलेली नाही. हिरडीचे एक लहानसे टोकदार शिखर वर चढून ती नेमकी भरून काढते. या शिखरामुळे अन्नाचे कण मध्ये शिरत नाहीत आणि हास्याला पूर्णता येते. परंतु हिरडी हा मांसल भाग आहे. ती स्वतःच्या बळावर वाटेल तितकी उंच उभी राहू शकत नाही. तंबूचे कापड ज्याप्रमाणे मधल्या खांबाच्या आधाराने ताठ राहते, त्याप्रमाणे हिरडी खालच्या हाडाच्या आधाराने उभी असते. खांब खचला की कापड आपोआप खाली येते.

ही गोष्ट मोजमापानेही सिद्ध झालेली आहे. डेनिस टार्नो, मॅग्नर आणि फ्लेचर या अमेरिकन संशोधकांनी १९९२ साली ३० रुग्णांच्या दातांमधील २८८ जागा तपासल्या. दोन दातांच्या स्पर्शबिंदूपासून खालच्या हाडाच्या कडेपर्यंत किती अंतर आहे, हे त्यांनी मोजले, आणि मधली जागा हिरडीने भरलेली आहे की नाही, हे नोंदवले. अंतर ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तेथे शंभरांपैकी ९८ जागा भरलेल्या आढळल्या. अंतर ६ मिलिमीटर होताच हे प्रमाण ५६ वर उतरले, आणि ७ मिलिमीटरला ते अवघे २७ राहिले. एका मिलिमीटरचा फरक म्हणजे काय, हे श्रोत्यांनी आपल्या नखाच्या जाडीकडे पाहून मनाशी ताडून घ्यावे. तेवढेसे हाड खचले, आणि जी हिरडी जवळजवळ निश्चितपणे उभी होती, तिचे उभे राहणे नाणेफेकीसारखे अनिश्चित होऊन बसले.

हे हाड खचते कशाने? त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हिरड्यांचा तो रोग, ज्याला लोक पायोरिया म्हणतात. जेवणानंतर दातांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर सतत बसत असतो. तो रोजच्या रोज निघाला नाही, तर लाळेतील क्षार त्यात साचून त्याचे दगडासारखे घट्ट किटण बनते. किटणाच्या खरखरीत पृष्ठभागावर आणखी जंतू ठाण मांडतात. त्यांना तोंड देण्यासाठी शरीर हिरडीकडे रक्ताचा पुरवठा वाढवते. हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येऊ लागते. येथवर हाडाला धक्का लागलेला नसतो, आणि या टप्प्यावर उपाय केला तर हिरडी पूर्ववत होते. परंतु दुर्लक्ष झाल्यास कित्येकांच्या बाबतीत ही लढाई खोल सरकते, आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजू लागते. बहुधा या साऱ्या काळात ठणका नसतो. म्हणूनच हा रोग दहा-पंधरा वर्षे घरात राहून आपली चाहूल लागू देत नाही.

आता सफाईनंतर दिसणाऱ्या फटीचा उलगडा करणे कठीण नाही. हाड खाली गेले, तरी दोन गोष्टी ती पोकळी झाकून असतात: एक किटण आणि दुसरी सुजलेली हिरडी. जुन्या वाड्याच्या चौकटीला वाळवी लागते, तेव्हा लाकडाच्या जागी मातीचा थर राहतो, आणि वरवर पाहता चौकट भरलेलीच दिसते. सुताराने ती माती खरवडून काढली की आतील पोखरण उघडी पडते. लाकूड सुताराने खाल्ले, असे मात्र कोणी शहाणा मनुष्य म्हणत नाही. दंतवैद्य किटण काढतो, त्याबरोबर पोकळीतील ते बूच निघून जाते. पुढील काही दिवसांत सूज ओसरते, आणि फुगलेली हिरडी आकसून आपल्या खऱ्या पातळीवर येते. हे आकसणे बरे होण्याचेच लक्षण होय. सफाईनंतर दात किंचित हलल्यासारखे वाटतात, याचेही कारण असेच आहे. किटणाने शेजारचे दात एकमेकांस जखडून ठेवलेले असतात, ते बंधन सुटते. दाह शमल्यावर पुष्कळदा दात पूर्वीपेक्षा घट्ट बसतात, आणि मुळे उघडी पडल्याने वाटणारी शिवशिवही बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत कमी होते.

किटण काढण्याची विद्या पाश्चात्त्यांकडून आली, असाही एक आक्षेप अधूनमधून घेतला जातो. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांपैकी शीतादात हिरड्यांतून अकारण रक्त येते, हिरड्या काळवंडून मऊ पडतात आणि गळू लागतात. दंतवेष्टात पू-रक्त वाहते आणि दात हलतात. दातांवर जमणाऱ्या कठीण मळाला सुश्रुताने दंतशर्करा असे नाव दिले असून, हिरडीला इजा न करता वैद्याने ती खरवडून काढावी, असे चिकित्सेत सांगितले आहे. उपकरणे बदलली, पण सूत्र तेच आहे.

फटीला पायोरिया हे एकच कारण आहे, असे मात्र समजू नये. दातांच्या आकाराचाही त्यात वाटा असतो. काहींचे दात चौकोनी असतात. त्यांचा परस्परस्पर्श लांबवर होतो आणि मधली जागा लहान राहते. काहींचे दात कडेला रुंद व हिरडीपाशी अरुंद, म्हणजे त्रिकोणी असतात. त्यांचा स्पर्शबिंदू हाडापासून दूर पडतो, आणि रोग नसतानाही फट दिसू शकते. दोन दातांची मुळे एकमेकांपासून फाकलेली असली, तरीही तोच परिणाम होतो.

तिसरे कारण अलीकडे वाढत चाललेले आहे. वाकडे आणि एकमेकांवर चढलेले दात तारा बसवून सरळ करण्याचे उपचार पूर्वी शाळकरी मुलांपुरते होते, ते आता नोकरदार प्रौढही करून घेतात. चढलेल्या दातांमध्ये हिरडीचे शिखर मुळात पुरते वाढलेलेच नसते, आणि दातांच्या कडाही नेहमीसारख्या झिजलेल्या नसतात. दात ओळीत आले की आजवर झाकलेली ती जागा उघडी होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, असे उपचार घेतलेल्या प्रौढांपैकी ३८ टक्क्यांच्या पुढच्या दातांत अशी फट आढळली होती. हा उपचार करू नये, असा याचा अर्थ नाही. या शक्यतेची कल्पना रुग्णाला आरंभीच असली पाहिजे, आणि तारा बसवण्यापूर्वी हिरड्या निरोगी करून घेतल्या पाहिजेत, इतकाच आहे.

याशिवाय काही कारणे आपल्या सवयींत आहेत. ताठ केसांचा ब्रश घेऊन आडवे जोराने घासणे, भरड राखुंडी वापरणे, आणि जेवण झाले की काडीने वा टाचणीने दात कोरत बसणे, यांनी हिरडीचे नाजूक शिखर वारंवार दुखावते. दात कोरून पोट भरत नाही, अशी म्हण आपल्याकडे आहे. दात कोरून हिरडी मात्र रिकामी होते. महाराष्ट्रात अनेक स्त्रियांना भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावण्याची सवय असते. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून ती लावली जाते, प्रत्यक्षात ती हिरडीचे आणि सबंध तोंडाचे आरोग्य बिघडवते. विडी-सिगारेटचा धोका आणखी फसवा आहे. धूम्रपानाने हिरडीतील रक्तप्रवाह मंदावतो, त्यामुळे आत हाड झिजत असतानाही रक्त फारसे येत नाही, आणि रोगाची पहिली सूचनाच नाहीशी होते. मधुमेह ताब्यात नसेल, तर या रोगाचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. उलट हिरड्यांतील दाह टिकून राहिला, तर रक्तातील साखर आटोक्यात ठेवणेही अवघड जाते.

मग फट पडल्यावर करावे काय? उपचाराचा क्रम ठरलेला आहे, आणि तो उलटा करून चालत नाही. प्रथम रोग थांबवावयाचा, मग रूपाचा विचार. दंतवैद्य एक खुणा केलेली बारीक सळई दात व हिरडी यांच्या मध्ये हलकेच घालून खोली मोजतो. निरोगी हिरडीत ती साधारण १ ते ३ मिलिमीटर उतरते. अधिक उतरली तर रोग आत गेला आहे, असे समजावे. क्ष-किरणांच्या छायाचित्रावरून हाडाची पातळी कळते. त्यानंतर किटण काढून मुळे गुळगुळीत केली जातात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप होते. तरीही खोल जागा उरल्या, तर हिरडी उघडून सफाई करावी लागते. हाडाला एका बाजूने खोल, अरुंद खड्डा पडला असेल, तर भर घालून तेथे काही हाड पुन्हा मिळवता येते. मात्र हाडाची पातळी सर्वत्र सारखीच खाली गेली असेल, तर ती पुन्हा पूर्ववत वर आणणारा उपाय आजही वैद्यकाच्या हाती नाही. झीज आहे तेथे थांबवता येते, आणि दात टिकवण्यास तेवढे पुरेसे होते.

रोग आटोक्यात आल्यावर फटीच्या रूपाकडे वळता येते. येथे पुन्हा ५ मिलिमीटरांचे ते माप मार्ग दाखवते. हाड वर आणता येत नाही, तर स्पर्शबिंदू खाली आणावा, या विचारावर बहुतेक खात्रीचे उपाय उभे आहेत. पहिला उपाय दात सरकवण्याचा. दोन दातांच्या लगतच्या कडा मिलिमीटरच्या काही दशांशांइतक्या घासून, तारेच्या साहाय्याने ते जवळ आणतात. टेकण्याची जागा लांबट होऊन हाडाकडे सरकते, मुळे समांतर करता येतात आणि त्रिकोण लहान होतो. दुसरा उपाय दाताच्या रंगाचे मिश्रण कडांवर चढवून आकार बदलण्याचा, किंवा दर्शनी पातळ कवच वा टोपी बसवण्याचा. हे काम एक-दोन बैठकींत होऊ शकते. मात्र चढवलेली कड हिरडीपाशी जाड राहिली, तर तेथेच मळ साचून मूळ रोग परत येतो, म्हणून हात कसबी हवा.

हिरडीचे शिखर शस्त्रक्रियेने पुन्हा उभे करण्याचे प्रयत्न बरेच झाले आहेत. परंतु या चिमुकल्या भागाला रक्तपुरवठा फार तोकडा असतो, त्यामुळे यशाची हमी कोणी प्रामाणिक तज्ज्ञ देत नाही. ह्यालुरॉनिक आम्लाची सुई टोचून लहान फटी भरण्याचा उपाय अलीकडे पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्याने काही ठिकाणी सुधारणा दिसते, परंतु ती मर्यादित असते आणि काळाने ओसरू शकते. खूप हाड गेले असेल आणि फटी मोठ्या असतील, तर हिरडीच्या रंगाची, काढता-घालता येणारी पातळ पट्टी वापरता येते. आणि अनेकांच्या बाबतीत, विशेषतः मागच्या दाढांत, काहीही न भरता फट तशीच ठेवून ती रोज स्वच्छ करणे हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. निरोगी हिरडीजवळची स्वच्छ फट हा रोग नव्हे. तो येऊन गेलेल्या रोगाचा व्रण आहे.

ही स्वच्छता साध्या ब्रशने होत नाही, कारण त्याचे केस दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाहीत. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशची अगदी इवली प्रतिकृती वाटावी, असे दातांमधले ब्रश मिळतात. फटीच्या रुंदीचा ब्रश निवडून दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, तो प्रत्येक फटीतून सावकाश फिरवावा. जागा अरुंद असेल तेथे दातांचा दोरा वापरावा. आरंभी चार दिवस रक्त येईल. त्याला भिऊन थांबू नये. सूज उतरली की ते बहुधा आपोआप बंद होते. आठ-दहा दिवसांनंतरही थांबले नाही, तर मात्र तपासून घ्यावे.

समजूत बदलण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणे न्यायाचे होणार नाही. सफाईपूर्वी दोन मिनिटे काढून दंतवैद्याने आरसा हातात द्यावा, किटणाने बुजलेली जागा दाखवावी, सळईने मोजलेले आकडे कागदावर लिहून द्यावेत, आणि सूज उतरल्यावर येथे फट दिसेल, हे आधीच सांगावे. आधी सांगितले तर ते निदान ठरते, आणि नंतर सांगितले तर तीच गोष्ट सबब वाटते. याबाबतीत तमिळ मुलखातील एका मराठी राजाचे उदाहरण स्मरणीय आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालाच्या संग्रहात जपलेली आहेत. उपचारापूर्वीची स्थिती काय होती, याची नोंद असली की उपचाराने काय केले आणि रोगाने काय केले होते, यांविषयी वाद उरत नाही. दोनशे वर्षांपूर्वी हातांनी चित्रे काढून जे साधले, ते आज एका छायाचित्राने साधते.

खर्चाच्या धास्तीने अनेकजण उपचार पुढे ढकलतात. अशांनी दंत महाविद्यालयांशी संलग्न असलेल्या रुग्णालयांकडे जावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. चेन्नईत १९५३ साली मद्रास मेडिकल कॉलेजची दंतशाखा म्हणून सुरू झालेले शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत हिरड्यांच्या रोगांचा स्वतंत्र विभाग असतो, आणि शासकीय रुग्णालयांतील शुल्क खाजगी दवाखान्यांच्या मानाने पुष्कळच कमी असते.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, या म्हणीत दात जाणे हे वयाबरोबर येणारे प्राक्तन मानलेले आहे. वयोमानाने हिरडी थोडी उतरते, हे खरे. पण दात पडतात ते बहुतांशी वयाने नव्हे, वर्षानुवर्षे न पाहिलेल्या रोगाने. म्हणून आरशात काळा त्रिकोण दिसला, तर ती फट कशाने बुजवावी, हा प्रश्न दुसरा समजावा. दंतवैद्यासमोर बसल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हाड किती उरले आहे, आणि उरलेले टिकवण्यासाठी आजपासून काय करावे. त्याचे उत्तर मिळाले, आणि त्याप्रमाणे वागणे झाले, तर लहानशी फट राहूनही सबंध दंतपंक्ती म्हातारपणापर्यंत सोबत करू शकते.